दारातली सदाफुली : फूल घ्या, पान तोंडात घालू नका

आमच्या चाळीच्या गॅलरीत गोड्या तेलाचे चार रिकामे डबे ठेवलेले आहेत. बुडाला खिळ्याने भोके पाडलेली, आत लाल माती. एकात कोरफड, एकात पानांचा ओवा आणि दोन डब्यांत सदाफुली. एक गुलाबी फुलांची, एक पांढऱ्या. कुंडी विकत घ्यायला ज्या घरात पैसा नसतो त्या घराच्या दारातही सदाफुली असते. भिंतीच्या फटीत उगवते, रेल्वे रुळांच्या कडेला उगवते, गटाराच्या काठावर उगवते. उन्हाळा असो की हिवाळा, तिची फुले काही थांबत नाहीत. तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात ती आज असेलच. म्हणूनच आजचे सदर तिच्याविषयी लिहीत आहे. आणि लिहिताना एक चूकही कबूल करायची आहे. ती चूक माझी स्वतःची आहे.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. साठी ओलांडलेली. आयुष्यभर झाडलोटीचे काम केले, दोन मुलांना शिकवले. सात-आठ वर्षांपासून त्यांना शुगर आहे. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या त्या नेमाने घेत. मागील वर्षी एका संध्याकाळी गॅलरीत गप्पा चालल्या होत्या. मला वाचनाची आवड, आणि वाचलेले चार लोकांना सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. मी सहज सदाफुलीकडे बोट दाखवून म्हणालो, "मावशी, या झाडाला कमी समजू नका. यात कॅन्सरचं औषध आहे!" सगळ्यांनी कौतुकाने त्या डब्याकडे पाहिले. मलाही मोठे बरे वाटले.

पुढे काही दिवसांनी मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर एक संदेश आला. 'सदाफुलीची पाच पाने रोज सकाळी अनशापोटी चावून खा, मधुमेह मुळापासून जाईल, गोळ्या कायमच्या बंद.' असले संदेश तुम्हालाही येत असतील. मावशींनी विचार केला की दादा म्हणाले तेच यात लिहिले आहे. त्या रोज सकाळी आमच्याच डब्यातली पाने तोडून नेऊ लागल्या. माझ्या पत्नीने पाहिले. तिला वाटले, फुले नेत असतील. हळूहळू मावशींनी गोळ्या सोडल्या. तीन महिने गेले. पायाला चप्पल चावली, त्याची जखम झाली, ती भरेना. पायाला मुंग्या येत असल्याने दुखणेही नीट कळत नव्हते. दवाखान्यात नेले तेव्हा शुगर चारशेच्या वर होती आणि अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. ते बोट काढावे लागले.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना, यात कॅन्सरचं औषध हाय. मग मला वाटलं, शुगर काय कॅन्सरपेक्षा मोठी हाय का?"

या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो, पण अर्धेच बोललो होतो. त्या दिवसापासून ठरवले की सदाफुलीची पूर्ण हकीकत मिळवायची आणि या पानावर मांडायची. ती आता सांगतो.

सदाफुली मूळची कोठली?

ती इतकी आपली झाली आहे की ती परदेशी आहे असे कुणाला वाटत नाही. पण सदाफुलीचे माहेर आफ्रिकेत आहे. आफ्रिका खंडाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे बेट आहे. बेट म्हणून लहान समजू नका. आकाराने ते महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. सदाफुली तिथली. शास्त्रज्ञ तिला कॅथरॅन्थस रोझिअस म्हणतात. तिच्या कुळीत एकंदर 8 जाती आहेत. त्यांतल्या 7 मादागास्करच्या आणि एकच जात आपल्या भारत-श्रीलंकेकडची. ती म्हणजे शेताच्या बांधावर उगवणारे बारीक पांढऱ्या फुलांचे तण. आपल्या दारातली मोठ्या फुलांची सदाफुली मात्र पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली.

मादागास्करचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचा कडू औषध म्हणून उपयोग करीत आले. अठराव्या शतकात तिचे बी युरोपात गेले. पॅरिसच्या राजउद्यानातून ते 1750 नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या चेल्सी येथील औषधी बागेत पोहोचले. जहाजांबरोबर ती उष्ण प्रदेशात सगळीकडे पसरली. ती जिथे गेली तिथल्या गरीब लोकांनी तिच्या पानांचा काढा करून पाहिला, आणि बऱ्याच ठिकाणी तो मधुमेहावर घेतला जाऊ लागला. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरही तसेच होते.

पंचवीस पानांचा लिफाफा

1952 साली जमैकाहून कॅनडात एक लिफाफा गेला. त्यात सदाफुलीची 25 पाने होती. आमच्याकडचे लोक मधुमेहावर याचा चहा पितात, तपासून पाहावे, असा निरोप होता. तो लिफाफा वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील रॉबर्ट नोबल यांच्या हाती आला. त्यांनी पानांचा काढा उंदरांना पाजला. रक्तातली साखर काही कमी झाली नाही!

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. ज्या कामासाठी पाने पाठवली होती त्या कामात ती पहिल्याच तपासणीत नापास झाली.

पण नोबल यांनी पाने फेकून दिली नाहीत. त्यांनी पानांचा अर्क टोचून पाहिला. तेव्हा उंदीर भराभर मेले. का मेले याचा शोध घेतला, तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. पहारेकरी गेले आणि साध्या जंतूंनी उंदरांचा जीव घेतला. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते तिथेच अर्काने काम बंद पाडले होते.

दुसरा कुणी असता तर 'विषारी झाड' म्हणून पुढे निघून गेला असता. नोबल यांनी उलट विचार केला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. मग जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारते ते तिथे का वापरू नये? त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी ते द्रव्य वेगळे काढले. 1958 साली ते जगापुढे आले. त्याचे नाव व्हिनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली या औषध कंपनीतही याच झाडावर काम चालले होते. तिथे गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना व्हिनक्रिस्टिन नावाचे दुसरे द्रव्य मिळाले. 1963 साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

ही औषधे काय करतात? आपल्या शरीरातली एक पेशी फुटून दोन होतात तेव्हा आत बारीक धाग्यांची एक चौकट उभी राहते. ती चौकट नव्या पेशींना त्यांचा त्यांचा वाटा ओढून देते. सदाफुलीची द्रव्ये ती चौकट उभीच राहू देत नाहीत. पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सतत फुटत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण चांगल्या पेशींनाही मार बसतोच. केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतो. म्हणून व्हिनक्रिस्टिन फक्त शिरेतून, मोजून, जाणत्या हातांनीच दिले जाते. चुकून ते मणक्याच्या पाण्यात गेले तर माणूस दगावतो.

लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर 1960 च्या आधी म्हणजे जवळजवळ मृत्यूचीच चिठ्ठी होती. बहुतेक मुले काही महिन्यांत जात. आज प्रगत देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ वाचतात. हे श्रेय एकट्या सदाफुलीचे नाही. कितीतरी औषधे एकत्र दिली जातात. पण त्या औषधांच्या पहिल्या रांगेत व्हिनक्रिस्टिन आहे. माझ्या ओळखीच्या एका माथाडी बंधूंचा मुलगा पाच वर्षांचा असताना आजारी पडला. जवळजवळ तीन वर्षे उपचार चालले. आज तो शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. त्याच्या आईला मी सांगितले की त्या सुईतले एक औषध तुमच्या दारातल्या झाडाच्या कुळातले. ती माउली कितीतरी वेळ त्या फुलाकडे पाहत राहिली.

मग पान खाल्ले तर काय बिघडले?

मी कारकून माणूस, आकडेमोड करून पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. तुम्हीही हा हिशोब पाहा. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनला सुमारे 2000 किलो! मोठ्या माणसाला एका वेळी व्हिनक्रिस्टिन साधारण 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. म्हणजे एका सुईमागे 4 किलो वाळलेली पाने झाली. आमच्या दोन्ही डब्यांतली सगळी पाने वाळवली तर मूठभर भरतील. तेव्हा पाच पाने चावून कॅन्सर बरा होईल ही आशा कुणी धरू नये.

कुणी म्हणेल, "औषधच एवढे कमी आहे तर पान खाल्ल्याने अपाय तरी काय होणार?" इथेच फसगत होते. सदाफुलीत ही दोनच द्रव्ये नसतात. शंभराहून अधिक कडू द्रव्ये असतात. काही रक्तदाब उतरवणारी, काही नसांवर परिणाम करणारी. कोणत्या झाडात, कोणत्या पानात, कोणत्या ऋतूत किती असतील याचे माप घरी कुणाकडे आहे? पाने खाल्ल्याने उलट्या होतात, चक्कर येते. सदाफुलीचा काढा घेऊन रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटलेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत आणि नोंदवले आहेत. गरोदर बाईने तर हे पान तोंडाला लावूच नये. वाढत्या गर्भाच्या पेशी सतत फुटत असतात हे वर सांगितलेच आहे.

आणि सर्वांत मोठे नुकसान पानापेक्षा सोडलेल्या गोळीने होते. मावशींचे बोट सदाफुलीने खाल्ले नाही, तीन महिने वाढत राहिलेल्या साखरेने खाल्ले. सदाफुलीच्या पानांनी माणसाचा मधुमेह आटोक्यात राहतो असा भक्कम पुरावा आजही नाही.

"झाडपाला तो चांगला, गोळी ती केमिकल," असेही आपल्यात म्हणतात. मधुमेहाची सर्वांत जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी घ्या. तिचा उगमही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झाडाच्या अभ्यासातूनच झाला. तेव्हा हा झाडपाल्याचा आणि केमिकलचा तंटा नाही. प्रश्न मोजलेल्या औषधाचा आणि न मोजलेल्या पानाचा आहे.

जमाखर्चाची दुसरी बाजू

वहीखात्यात जमा असते तसे नावेही असते. सदाफुलीच्या औषधांवर कंपनीने पुष्कळ पैसा मिळवला. त्यातून मादागास्करला काय मिळाले? विक्रीतला वाटा म्हणून काहीच नाही. बेटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातले गरीब लोक सदाफुलीची पाने आणि मुळे गोळा करून विकत आले. मजुरी तेवढी त्यांच्या पदरात पडली. याच दक्षिण भागात 2021 साली दुष्काळाने लाखो लोक उपासमारीच्या कडेवर उभे होते. ज्या मातीतल्या झाडाने जगभरची मुले वाचवली त्या मातीतली मुले उपाशी राहिली.

पाने पाठवणारे जमैकाचे लोक आणि झाड जपणारे मादागास्करचे लोक यांची नावे कोणत्याच खात्यावर नाहीत. या अन्यायाचे भान जगाला उशिरा आले. 1992 साली रिओ येथे जैवविविधतेचा करार झाला. ज्या देशाची वनस्पती, त्याला तिच्या लाभात वाटा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आपल्या देशाने 2002 साली त्यासाठी कायदा केला. आता तर शास्त्रज्ञ हे औषध झाडाशिवाय करण्याच्या मार्गावर आहेत. 2022 साली डेन्मार्कमध्ये पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशींत बदल करून त्यांच्याकडून व्हिनब्लास्टिनचे मूळ घटक तयार करवून घेण्यात आले. औषध स्वस्त आणि मुबलक झाले तर आनंदच आहे. पण मूळ मालकाचा हिशोब तेव्हाही बाकी राहू नये, एवढेच म्हणणे आहे.

सदाफुली लावावी कशी?

एवढे वाचून कुणी डबा उचलून फेकून देऊ नका. सदाफुली जरूर लावा. गरिबाच्या दाराला शोभा देणारे इतके सोशिक झुडूप दुसरे नाही.

फुले गळाली की देठाशी बारीक शेंगांची जोडी येते. ती पिवळसर-तपकिरी झाली की फुटण्याआधी तोडा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. आत काळे बारीक बी असते. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण डब्यात भरा. डब्याला भोके हवीतच. बी पेरून वर बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा मातीचा थर द्या, कारण हे बी अंधारात चांगले रुजते. वर ओला कागद किंवा गोणपाट झाका. आठ-पंधरा दिवसांत अंकुर दिसतात; दिसताच झाकण काढा. चार-सहा पाने आली की रोप दुसऱ्या डब्यात हलवा. जुन्या झाडाची वीतभर कोवळी फांदी ओल्या वाळूत खोचली तरी मुळे धरते.

ऊन भरपूर हवे, निदान पाच-सहा तास. पाणी मात्र बेताने. वरची माती कोरडी झाल्यावरच घाला. सदाफुली तहानेने क्वचितच मरते. मरते ती साचलेल्या पाण्याने, मुळे कुजून. पावसाळ्यात डबा वळचणीला सरकवा. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. जुने झाड काटकुळे झाले की छाटा किंवा नवे रोप लावा. पान कडू असल्याने शेळ्या-गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाकडेला लावायलाही ती चांगली. रांगते मूल घरात असेल तर डबा उंचावर ठेवा. छाटणी केल्यावर हात धुवा.

गावाकडे थोडीफार शेती असलेल्या बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. सदाफुलीचे पीकही घेतात, विशेषतः तामिळनाडूत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'निर्मल' आणि 'धवल' या जाती काढल्या आहेत. पानांतून कॅन्सरची औषधे, मुळांतून रक्ताभिसरणासाठीचे औषध निघते. पण माल कोण घेणार, कोणत्या भावाने, हे लेखी झाल्याशिवाय एक गुंठाही लावू नका. रोपे विकून पसार होणारे एजंट फार आहेत.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा

एक, शुगरची किंवा प्रेशरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा, गोळ्या मिळतात. तीन महिन्यांची शुगर सांगणारी रक्ततपासणी करून घ्या. रोज रात्री तळपाय उजेडात पाहा.

दोन, कुणी काही काढा घेतला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. ओरडतील म्हणून भिऊ नका. सांगितले नाही तर उपचार चुकतात.

तीन, घरात मूल वारंवार तापाने फणफणत असेल, फिकट पडले असेल, अंगावर कारण नसताना निळे डाग उठत असतील तर लगेच रक्त तपासा. कॅन्सर म्हटले की घर विकायची वेळ येते असे समजून बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

चार, मोबाईलवर आलेला औषधाचा संदेश पुढे पाठवण्याआधी थांबा. अर्धी माहिती किती महागात पडते ते मी पाहिले आहे.

मावशी आता काठी घेऊन चालतात. गोळ्या वेळेवर घेतात, शुगर बरीच खाली आली आहे. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "दादा, झाडाला कशाला दोष? त्याला कुठं ठाऊक, कुणाला काय झालंय ते." डबे अजून तिथेच आहेत आणि सकाळचे पाणी मावशीच घालतात. परवा खालच्या मजल्यावरची एक सून पाने तोडायला आली. मावशींनी तिला काठी आडवी घातली, पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी हे बघ, मग तोड."

सून फुले घेऊन गेली. पाने झाडावरच राहिली.